पिकअपमधला सबवूफर : आधी जागा मोजा, मग स्पीकर निवडा

भिलाईहून बोलतो आहे.

आजचा विषय ऐकून काही जण हसतील. निवृत्त फौजी माणूस, वय साठीच्या पुढे आणि बोलतोय कशावर, तर पिकअप गाडीत सबवूफर कसा बसवावा यावर! पण सुपेला बाजारात किंवा पॉवर हाउसच्या बाजूला गाड्यांच्या साउंडची दुकाने आहेत, तिथे एखाद्या संध्याकाळी उभे राहून पाहा. पोरे महिन्याभराची कमाई घेऊन येतात, जो सर्वांत मोठा डबा दिसेल तो उचलतात आणि आठ दिवसांनी पुन्हा हजर. कधी सीटची पाठ सरळ होत नाही, कधी सकाळी गाडी स्टार्ट होत नाही, कधी खर्च करूनही बेस येत नाही. पैसा वाया जातो आणि पिकअप ही बहुतेकांची रोजीरोटी असते. म्हणून हा विषय मला गंभीर वाटतो.

फौजेत कुठलीही योजना आखताना पहिला प्रश्न जमिनीचा असतो. जमीन कशी आहे ते पाहायचे, मग कोणते हत्यार कुठे लावायचे ते ठरवायचे. इथेही तेच आहे. बाजारात स्पीकर आधी विकत घेतला जातो आणि जागा नंतर शोधली जाते. आपण उलटे चालू.

आधी सबवूफरचे काम काय ते पाहू. दारातले स्पीकर साधारण ८० हर्ट्झच्या वरचे आवाज बरे देतात. त्याच्या खाली त्यांचा दम संपतो. बेस गिटारची सर्वांत जाड तार ४१ हर्ट्झला वाजते. ड्रमसेटमधल्या पायाने वाजवायच्या मोठ्या ड्रमचा ठोका ५०-६० हर्ट्झच्या आसपास असतो. म्हणजे ४० ते ८० हर्ट्झ एवढ्या पट्ट्यासाठी आपल्याला सबवूफर हवा. जुनी हिंदी-मराठी गाणी ऐकणाऱ्याला तर ४० च्या खाली काही मिळणारच नाही, कारण त्या रेकॉर्डिंगमध्ये तिथे फारसे काही नसतेच. दुसरी सोयीची गोष्ट अशी की ८० हर्ट्झच्या खालचा आवाज कुठून येतो हे कानाला नीट कळत नाही. म्हणून सबवूफर सीटमागे लपवला तरी चालतो. गाणे समोरूनच येते आहे असे वाटते.

अडचण आहे ती हवेची. बेस काढायचा म्हणजे पुष्कळ हवा मागेपुढे ढकलायची. स्पीकरचा कोन पुढे जातो तेव्हा मागच्या बाजूला उलटा आवाज निघतो. दोन्ही एकमेकांत मिसळले तर एकमेकांना मारतात. म्हणून मागची बाजू डब्यात बंद करावी लागते आणि डबा आला की जागा आली.

या जागेचा एक पक्का हिशोब आहे. अमेरिकेत १९५४ साली एडगर विल्चर यांनी बंद डब्यातल्या हवेचाच स्प्रिंगसारखा वापर करून लहान डब्यातून खोल बेस काढून दाखवला. पुढे केएलएच नावाची कंपनी निघाली. तिच्या नावातला 'एच' म्हणजे जोसेफ अँटन हॉफमन. त्यांच्या नावाने एक नियम ओळखला जातो. लहान डबा, खोल बेस आणि कमी वॅटमध्ये मोठा आवाज, या तिन्हींपैकी दोनच एका वेळी मिळतात. तिसऱ्यावर पाणी सोडावे लागते. पिकअपवाल्याला लहान डबा निवडावाच लागतो, तिथे त्याची पसंती चालत नाही. मग उरतात दोन : खोल बेस घ्यायचा की कमी वॅटमध्ये मोठा आवाज? दुकानदार तिन्ही देतो म्हणाला, तर तुम्ही हसून पुढच्या दुकानात जा.

आता कुणी म्हणेल, आमच्या दुर्ग-भिलाईत आणि तिकडे नागपुरात धुमाल निघते, तीही पिकअपवरच असते. तिचा बेस तर छातीत वाजतो! बरोबर आहे. पण ती गाडी उघडी असते. मोकळ्या हवेत अंतर दुप्पट झाले की आवाज ६ डेसिबलने पडतो आणि भिंतींची काहीच मदत नसते. म्हणून त्यांना अठरा इंची स्पीकरच्या भिंती रचाव्या लागतात आणि सोबत जनरेटर चालवावा लागतो. शिवाय गाड्यांवर साउंड बॉक्स बांधून वाजवण्याविरुद्ध छत्तीसगड उच्च न्यायालयाने कडक आदेश दिलेले आहेत. मागच्या हौद्यात स्पीकर बांधायचा विचार असेल तर तो इथेच सोडा. आपण बोलतो आहोत ते केबिनबद्दल.

केबिनमध्ये निसर्ग आपल्या बाजूने असतो, हे फार कमी लोकांना ठाऊक आहे. आवाज सेकंदाला सुमारे ३४५ मीटर जातो. म्हणजे ४० हर्ट्झच्या एका लाटेची लांबी झाली साडेआठ मीटरच्या वर. आपली केबिन दोन मीटरची. एवढी लांब लाट त्या खोक्यात मावत नाही. मग स्पीकर लाट पाठवण्याऐवजी सगळ्या केबिनमधल्या हवेचा दाबच वरखाली करू लागतो. त्यामुळे साधारण ८० हर्ट्झच्या खाली जसजसे जाल तसतसा केबिन स्वतःच बेस वाढवत जाते. पुस्तकी हिशोबात ही वाढ दर सप्तकाला १२ डेसिबल असते. प्रत्यक्षात पत्रा हलतो, दारांच्या फटी असतात, म्हणून कमी मिळते. पण समजा फक्त ६ डेसिबल मिळाले, तरी ते चौपट वॅट फुकटात मिळाल्यासारखे आहे.

बंद डब्याचा बेस खाली उतरताना सप्तकाला १२ डेसिबलनेच पडतो. म्हणजे डबा जिथे कमी पडतो, तिथेच केबिन भर घालते. दोघांची जोडी जमते. म्हणून लहान केबिनसाठी माझे मत पक्के आहे : सीलबंद डबा. भोकवाला, म्हणजे पोर्टवाला डबा एका ठरावीक पट्ट्यात जास्त जोरात वाजतो हे खरे. पण त्याला जास्त लिटर लागतात, नळीची जागा वेगळी जाते आणि नळी ज्या हर्ट्झला जुळवली त्याच्या खाली तो दुप्पट वेगाने, २४ डेसिबलने पडतो. तिथे कोनला आवरणारी हवाही राहत नाही. जागा कमी असेल तर त्या वाटेला जाऊ नये.

एक अट मात्र लक्षात ठेवा. ही केबिनची मदत काचा बंद असताना मिळते. गाडीला एसी नसेल आणि मे महिन्यात चारही काचा उघड्या ठेवून तुम्ही राजनांदगावपर्यंत जात असाल, तर मोठ्या सबवूफरवर पैसे घालू नका. दारातले स्पीकर चांगले घ्या, दारांच्या पत्र्याला आतून डॅम्पिंगची शीट चिकटवा आणि समाधानाने ऐका.

आता मोजमाप. सिंगल केबिन पिकअपमध्ये सीटची पाठ जवळजवळ मागच्या पत्र्याला टेकलेली असते. तिथे बहुधा सीटखालीच जागा निघते. त्यासाठी चपटा, स्वतःचा अ‍ॅम्प्लिफायर आत असलेला आठ इंची सबवूफर मिळतो. पायोनियर, सोनी, जेबीएल या सगळ्यांकडे असे नमुने आहेत. उंची साधारण सात-आठ सेंटिमीटर. तो छाती हलवणार नाही, पण गाण्याला पाया देईल. घेण्यापूर्वी सीट पूर्ण मागेपुढे सरकवून, वर माणूस बसवून उंची मोजा. रिकाम्या सीटचे माप खोटे असते.

डबल केबिनमध्ये, म्हणजे बोलेरो कॅम्पर, इसुझू व्ही-क्रॉस, टोयोटा हायलक्स अशा गाड्यांत, मागच्या सीटखाली किंवा तिच्या पाठीमागे पाचरीसारखी जागा मिळू शकते. वर अरुंद, खाली रुंद. माझ्या पुतण्याची डबल केबिन गाडी आहे. हथखोजच्या कारखान्यांतला माल घेऊन तो नागपूरपर्यंत जातो. त्याला दोन बारा इंची हवे होते. मी म्हटले, आधी टेप आण.

सीटमागे मिळालेली जागा अशी होती : रुंदी ९० सेंटिमीटर, उंची ३५, खाली खोली १८ आणि वर १०. खोलीची सरासरी १४. बाहेरून गुणाकार केला तर ४४ लिटर. पोरगा खूश झाला. पण डबा १८ मिलिमीटर एमडीएफचा होणार. प्रत्येक बाजूला दोन भिंती, म्हणजे प्रत्येक मापातून ३.६ सेंटिमीटर गेले. आतले माप उरले ८६.४ गुणिले ३१.४ गुणिले १०.४. म्हणजे २८ लिटर. सोळा लिटर नुसत्या लाकडात गेले! एकूण जागेच्या तिसऱ्या हिश्शाहून जास्त. उथळ डबा जितका चपटा, तितका हा तोटा मोठा. दुकानात कुणी बाहेरच्या मापावरून लिटर सांगू लागला, तर त्याला इथेच थांबवा.

आता या २८ लिटरमध्ये काय बसवायचे? उथळ दहा इंची सबवूफरला बंद डब्यात साधारण ११ ते २० लिटर पुरतात. नेमका आकडा कंपनीच्या कागदावर असतो, तो पाहायचा. घनफुटात दिला असेल तर २८.३ ने गुणा. दोन दहा इंची लावले तर प्रत्येकाच्या वाट्याला १४ लिटर येतात. चालतात, पण हवेची स्प्रिंग कडक होते आणि खोल बेस कमी होतो. दोन बारा इंची तर प्रत्येकी १४ लिटरमध्ये गुदमरतीलच.

आणि एक गोष्ट पोराच्या लक्षात आली नव्हती. त्याच सीटमागे जॅक, चाकाचा पाना आणि टोचन होते. रात्री दोन वाजता महामार्गावर टायर बसला आणि जॅक काढायला आधी सबवूफरचे स्क्रू खोलावे लागले, तर त्या संगीताचा उपयोग काय? म्हणून डब्याची रुंदी ९० वरून ६५ केली. आतले माप आले बरोबर २० लिटर. स्पीकरचे स्वतःचे शरीर दीड लिटरभर खाते. उरलेल्या साडेअठरा लिटरमध्ये एक उथळ दहा इंची आरामात राहतो. बाजूच्या २५ सेंटिमीटरमध्ये जॅक आणि पाना.

लिटरनंतर दुसरे माप म्हणजे स्पीकरची बसण्याची खोली. कंपनीच्या कागदावर ती मिलिमीटरमध्ये असते. आपल्या डब्याच्या मध्यावर बाहेरून १४ सेंटिमीटर होते, मागची फळी वजा केली की १२.२. मॅग्नेटच्या मागे भोक असेल तर तिथे श्वासाला दोनेक सेंटिमीटर सोडायला हवेत. म्हणजे दहा सेंटिमीटरपर्यंत खोलीचा स्पीकर चालेल. पुढे जाळी आणि सीटची पाठ यांच्यात कोनला पुढे यायला जागा ठेवायला विसरू नका. सीट जाळीवर टेकली की आवाजही गेला आणि कोनही.

लाकडाला हात लावण्यापूर्वी पुठ्ठ्याचा डबा करून तो आठवडाभर गाडीत ठेवा. मागे दोन माणसे बसवा, सीट पाडा, उचला, जॅक काढून पाहा. ही तुमची रेकी. पुठ्ठा फुकट आहे, एमडीएफ नाही.

मग येतो वॅटचा बाजार. खोक्यावर १२००, १५०० असे आकडे छापलेले असतात. ते क्षणभराचे असतात. तुम्ही फक्त आरएमएस हा आकडा वाचा. दुसरे, वॅट दुप्पट केले की आवाज फक्त ३ डेसिबलने वाढतो. कानाला जेमतेम कळतो. म्हणून १५० आणि ३०० आरएमएसमध्ये भांडू नका. त्या पैशात नीट डबा आणि चांगली वायर येते.

वायर का, ते सांगतो. ३०० वॅट आरएमएसचा क्लास डी अ‍ॅम्प्लिफायर ८० टक्के कार्यक्षम धरला, तर पूर्ण जोरावर बॅटरीकडून ३७५ वॅट ओढतो. १३.८ व्होल्टला ते झाले २७ अँपिअर. गाण्यात सरासरी याच्या बरीच खाली असते, पण ठोका पडतो तेव्हा मागणी तेवढीच असते. गाडीचा अल्टरनेटर हेडलाइट, एसी, वायपर यांच्यासाठी हिशोबाने दिलेला असतो. त्यात शिल्लक किती हे ऑटो इलेक्ट्रिशियनकडून मोजून घ्या. वायर शुद्ध तांब्याची घ्या. अ‍ॅल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली स्वस्त वायर त्याच जाडीत कमी करंट नेते. आणि फ्यूज बॅटरीपासून ४५ सेंटिमीटरच्या आत हवा. हा फ्यूज अ‍ॅम्प्लिफायरसाठी नाही, तुमच्या गाडीसाठी आहे. वायर कुठे पत्र्याला घासून उघडी पडली, तर आग लागण्यापूर्वी तोच उडतो. इंजिन बंद ठेवून तासन् तास वाजवू नका, सकाळी धक्का मारावा लागेल.

ओहमचे गणितही दुकानात उरकून घ्या. दोन कॉइलवाला ४ ओहमचा सबवूफर जोडण्याप्रमाणे २ किंवा ८ ओहम होतो. अ‍ॅम्प्लिफायर २ ओहमला चालतो की नाही, हे त्याच्या कागदावर वाचा. चालत नसेल तर तो तापेल आणि बंद पडेल. आमच्याकडे उन्हाळ्यात उभ्या गाडीची केबिन भट्टी होते, म्हणून अ‍ॅम्प्लिफायर डब्यावर किंवा गालिच्याखाली नको. वारा लागेल अशा जागी, धातूच्या पट्टीवर बसवा. एमडीएफला पाणी चालत नाही. पावसाळ्यात केबिनच्या जमिनीला ओल येत असेल तर डब्याला आतबाहेर सीलर मारा आणि खाली रबरी गुटके द्या.

डबा बोल्टने गाडीच्या अंगाला पक्का करा. ही सूचना मी दोनदा देतो. स्पीकरसह डबा २० किलोचा धरा. ताशी ५० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी धडकून पाऊण मीटरात थांबली, तर त्या डब्याचा धक्का अडीचशे किलोहून जास्त बसतो. आणि तो असतो मागे बसलेल्याच्या पाठीशी. बेल्टने किंवा चिकटपट्टीने बांधलेला डबा मला दाखवू नका. बोल्ट मारण्यापूर्वी पत्र्याखालून डिझेलची किंवा ब्रेकची नळी जात नाही ना, हे वाकून पाहा.

सगळे बसले की जुळवणी. सबवूफरला लो-पास ८० हर्ट्झवर ठेवा आणि दारातल्या स्पीकरला हाय-पास तिथेच. मग तबल्यातल्या बायाँचे किंवा ढोलकीचे ओळखीचे गाणे लावा आणि फेज उलटसुलट करून ऐका. ज्या स्थितीत ठोका भरीव येतो ती खरी. यासाठी खर्च शून्य आहे आणि कितीतरी गाड्यांत ते कुणी करतच नाही. मागचा पत्रा थरथरत असेल तर आवाज वाढवू नका, पत्र्याला ब्युटाइलची शीट लावा. पुष्कळदा बेस कमी नसतो, पत्र्याच्या खडखडाटाने तो झाकलेला असतो.

शेवटी आवाजाच्या पातळीबद्दल बोलतो. नोकरीत तोफांजवळ उभे राहायचे म्हणजे कानात बोळे घालणे हा हुकूम असायचा. गाडीत तसा हुकूम देणारा कुणी नसतो. कामाच्या जागेसाठी जी मर्यादा मानली जाते ती अशी : ८५ डेसिबलला आठ तास, पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा. ९४ ला एक तास. १०० ला पंधरा मिनिटे. नागपूरचा रस्ता काही पंधरा मिनिटांचा नाही. आणि कानातल्या ज्या बारीक केसांच्या पेशी मरतात, त्या पुन्हा उगवत नाहीत.

मोबाइलवरच्या मीटरवर इथे विसंबू नका. ते बहुधा डेसिबल-ए मोजतात, आणि ते माप ४० हर्ट्झचा आवाज जवळजवळ ३५ डेसिबलने कमी धरते. म्हणून मीटर शांत दिसतो आणि शेजाऱ्याची खिडकी वाजत असते. देशात २००० सालचे ध्वनिप्रदूषण नियम आहेत. वस्तीत दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल. रात्र म्हणजे दहा ते सहा. प्लांटमध्ये पाळीने काम चालते. आमच्या सेक्टरांमध्ये रात्रपाळी करून आलेला माणूस दुपारी झोपतो, हे भिलाईच्या पोरांना वेगळे सांगायला नको. गल्लीत शिरताना आवाज कमी करा. रस्त्यावर मागून येणारी अॅम्ब्युलन्स आणि शेजारच्या ट्रकचा हॉर्न काचा बंद असतानाही ऐकू आला पाहिजे. तो ऐकू येत नसेल तर आवाज जास्त आहे. त्यासाठी मीटर लागत नाही.

पुतण्याची गाडी आता एक उथळ दहा इंची, २० लिटरचा सीलबंद डबा आणि ३०० आरएमएस यांवर चालते. दोन बारा इंचींवर जेवढे जाणार होते, त्याच्या साधारण निम्म्यात काम झाले आणि उरलेल्या पैशात त्याने दारांचे स्पीकर बदलले. मागे दोन हमाल आधीसारखेच टेकून बसतात.

तुम्ही दुकानात जाण्यापूर्वी एका कागदावर पाच गोष्टी लिहून न्या : आतले लिटर, बसण्याची खोली, अल्टरनेटरमधली शिल्लक, काचा उघड्या असतात की बंद, आणि जॅक कुठे राहणार. हे पाच आकडे हातात असतील, तर दुकानदार तुम्हाला वेगळ्या नजरेने पाहील. नसतील, तर आधी घरी जाऊन टेप काढा.

जय हिंद.